दोन तेवीस

जंगलाच्या तोंडाशी एक लाकडी चौकी होती आणि चौकीच्या भिंतीवर चाळीस खिळ्यांची फळी. प्रत्येक खिळ्याखाली आकडा, प्रत्येक खिळ्यावर त्याच आकड्याचा पितळी बिल्ला. टेकडीवर जाणाऱ्याने बिल्ला घ्यायचा, खिशात जपून ठेवायचा आणि उतरल्यावर आपल्या हाताने जागच्या जागी लावायचा. पाच वाजता फळी भरलेली असली की फाटक बंद. एखादा खिळा रिकामा दिसला, तर शिट्टीवाले काका शिट्ट्या फुंकत वर जायचे आणि रेंगाळणाऱ्याला हाकून आणायचे. काकांची पंचवीस वर्षं यात गेली होती. ते म्हणायचे, माणूस खोटं बोलेल, घड्याळ खोटं बोलेल, फळी नाही बोलणार.

फळीसमोर बसणारी बाई मात्र दीड वर्षापूर्वीच आलेली. भूगोल घेऊन पदवी मिळवलेली, डोळ्यांत तेल घालून बसणारी, आणि काळजी करण्यात तिचा हात धरणारं त्या अख्ख्या वसाहतीत कुणी नव्हतं. कुणी उन्हाचं टोपीशिवाय निघालं की ती हाक मारून त्याला थांबवायची. कुणी पाण्याची बाटली विसरलं की ती मागे धावत जायची. टेकडीवर तीन टोकं होती. पहिलं टोक अर्ध्या तासावर, तिथे बाक आणि कठडा. दुसरं त्याच्यावर तासाभराने, तिथेही कठडा. शेवटचं टोक सगळ्यात उंच, तिथून खालचा जलाशय आणि तीन दऱ्या एका नजरेत दिसायच्या, पण वाट शेवाळलेली आणि मुळांनी भरलेली. तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला ती इतक्या सूचना द्यायची की अर्धे लोक पहिल्या टोकावरूनच परतायचे.

गेल्या महिन्यात तर तिने चार वेळा काकांना वर पाठवलं. चारही वेळा लोक आरामात डबे उघडून बसलेले. चौथ्या वेळी एका जोडप्याने कचेरीत तक्रार केली आणि तिथल्या मॅडमनी तिला बोलावून घेतलं.

"अहो, लोक इथे मोकळी हवा खायला येतात, तुमच्याकडून पाय मोडल्याच्या गोष्टी ऐकायला नाही. हसून बिल्ला द्यायचा आणि गप्प बसायचं. जमेल ना?"

"जमेल, मॅडम."

"आणि काकांच्या गुडघ्यांचा विचार करा जरा. दोन वर्षं राहिलीत त्यांच्या नोकरीची."

तेव्हापासून ती हसून बिल्ला द्यायची आणि जीभ दाताखाली धरायची. घरीही तेच. नवरा म्हणायचा, "तुझी काळजी म्हणजे नळाची गळती गं. वाहते कमी, टपटपते जास्त." तो हसत म्हणायचा म्हणून तीही हसायची.

त्या दिवशी तिच्याबरोबर भिंगरी होती. भिंगरी म्हणजे तिची चार वर्षांची लेक. एका जागी दोन मिनिटं ठरत नाही म्हणून आजीने ठेवलेलं नाव. आजी नणंदेच्या बाळंतपणाला गेलेली, पाळणाघरात गोवराची साथ, नवरा प्लायवूडच्या कारखान्यात सकाळपाळीला. चौकीत मूल आणायला सक्त मनाई होती. पण दहा दिवस झाले, भिंगरी रोज बाकाच्या कोपऱ्यात बसत होती आणि शिट्टीवाले काका रोज न बघितल्यासारखं करत होते.

पोरीला गुंतवायला काहीतरी हवंच. ते 'काहीतरी' म्हणजे एक जुना बिल्ला होता. मागच्या हिवाळ्यात तेवीस नंबरचा बिल्ला हरवला, कचेरीने नवा पाठवला, आणि महिन्याभराने झाडताना जुना गटारीच्या जाळीत सापडला. कडेला चेपलेला, पण आकडा स्वच्छ. नियमाप्रमाणे तो कचेरीत जमा करायचा. देऊ उद्या, देऊ परवा करता करता तो तिच्या पर्समध्ये राहिला आणि पर्समधून भिंगरीच्या मुठीत गेला. त्यावरून आईने तिला आकडे शिकवले. दोनाची मान कशी, तीनाची पोटं किती. आता भिंगरीला चाळीसपर्यंतचे सगळे आकडे फळीवर दाखवता येत होते आणि आई मनातल्या मनात फुगत होती.

दुपारी बाराच्या सुमाराला एक बाई एकटीच आली. साठीच्या आतबाहेरची, ताठ मानेची, पायात पांढरेशुभ्र कॅनव्हासचे बूट. इतके नवे की नाडीची टोकंसुद्धा कडक.

"शेवटच्या टोकापर्यंत किती वेळ लागतो हो?"

"जाऊन येऊन चार तास. रमतगमत गेलात तर साडेचार."

"मग पाचाच्या आत येते. काय आहे, तीस वर्षं मी कापडाच्या दुकानात काउंटरला उभी होते. समोरच्या भिंतीवर याच टोकाचं चित्र. खाली निळं पाणी, मागे डोंगर. रोज बघायचं आणि रोज वाटायचं, हे खरं आहे की कुणी रंगवलंय? काल शेवटचा दिवस झाला. दुकानातल्या मुलींनी निरोपाला बूट दिले. म्हटलं, आता कळायलाच हवं."

भिंगरी बाकावर उभी राहिली. "माझा नंबर घ्या."

"तू कोण गं बाई?"

"मी बिल्लेवाली. तेवीस घ्या, तो शहाणा आहे."

बाई मोठ्याने हसल्या. भिंगरीने फळीवरचा नवा तेवीस काढून त्यांच्या हातात दिला. जाताना त्या दारात थांबून म्हणाल्या, "येताना सांगते हं तुला, खरं की रंगवलेलं."

आईची नजर त्यांच्या टाचांवर होती. नव्या बुटांनी चार तास? दुसऱ्या टोकाच्या आतच फोड येतील. शब्द अगदी ओठांवर आले. 'बाई, पहिल्या टोकापर्यंत जा, बाकीचं पुढच्या वेळी.' पण मॅडमचा चेहरा आठवला. तिने हसून हात हलवला.

साडेचारच्या आसपास नळाला पाणी आलं. दोन बादल्या भरायला ती मागे गेली, दहा मिनिटं. तेवढ्यात कॉलेजच्या सात मुलांचा घोळका आरडाओरडा करत उतरला, धडाधड बिल्ले लावून बसकडे पळाला. ती बादल्या घेऊन आत आली तर फळी भरलेली. सकाळपासून आठ बिल्ले बाहेर होते, आठही परत. तेवीससुद्धा.

म्हणजे त्या बाई आल्या आणि न बोलता गेल्या. तिला जरा लागलंच. पोरीला एवढा शब्द दिला आणि विसरल्या. पण माणसं विसरतात. बस पकडायची असेल.

"आई, मी पण लावला!" भिंगरी बाकावर उड्या मारत होती.

"शहाणी गं माझी," आई म्हणाली, बादली खाली ठेवत, नीट न ऐकता. हे न ऐकणं तिला पुढे फार दिवस आठवणार होतं.

पाचला तिने रिवाजाप्रमाणे एकेक बिल्ल्यावर बोट ठेवत मोजलं. तेवीसवर बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. तिने हात मागे घेतला, पुन्हा पुढे नेला. तेवढ्यात काकांनी दारातून विचारलं, "काय बाईसाहेब, चाळीस की एकोणचाळीस? की आज पण मला डोंगर चढवताय?"

"चाळीस, काका."

"देव पावला. गुडघ्याने सकाळपासून संप केलाय."

फाटकाला साखळी घालताना तिने सवयीने वर बघितलं. दुसऱ्या टोकाच्या कठड्याशी काहीतरी पांढरं हललं. कापड की पक्षी? ती क्षणभर थांबली. मग स्वतःलाच म्हणाली, चाळीस आहेत. पुरे आता. आणि कुलूप लावलं.

वसाहत तिथून दहा मिनिटांवर. नवरा आधीच येऊन चहा टाकत होता. तिने भिंगरीचे कपडे बदलायला घेतले, फ्रॉकचे खिसे झटकले. एकात दोन खडे, एकात वाळलेलं पान.

"तुझा बिल्ला कुठाय गं?"

"त्याच्या घरी."

"म्हणजे?"

"सगळ्या दादांनी लावले ना, मग तेवीसचं घर रिकामं होतं. ते रडत होतं. मी माझा लावला. बरोबर आकड्यावर लावला, आई. दोनाची मान बघितली."

फ्रॉक तिच्या हातातून गळून पडला. खिडकीबाहेर उन्हाचा शेवटचा पिवळा पट्टा झाडांच्या शेंड्यांवर होता. पावणेसहा.

"अहो," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "वर माणूस आहे."

नवऱ्याने चहा गाळता गाळता उसासा टाकला. "झालं सुरू? फळी भरली होती ना?"

"भरली होती. पण तेवीस खोटा होता."

तिने सगळं सांगितलं. तो ऐकत गेला आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू उतरत गेलं. गाळणी चुकून बशीत ठेवली गेली, चहा बशीतून ओट्यावर वाहिला, तरी त्याचं लक्ष नव्हतं.

काकांचं घर दोन दारं सोडून. ते बाजेवर गुडघ्यांना तेल चोळत बसले होते. त्यांनी पहिलं वाक्य ऐकूनच हात जोडले.

"पोरी, गेल्या महिन्यात चारदा. चारदा! लांडगा आला म्हणून मी धावलो आणि वर कोण, तर लोक डबे खातायत. आज फळी भरलीय. मी माझ्या डोळ्यांनी बघितली."

"तो बिल्ला भिंगरीने लावलाय, काका. जुना. जो मी जमा करायला हवा होता तो."

तेलाची वाटी त्यांनी हळूच जमिनीवर ठेवली. मग म्हणाले, "भिंगरी चौकीत असते हे मलाही माहीत होतं."

"हो."

"आणि मी आज वर एक पाऊलही टाकलं नाही."

"हो, काका."

"दोघांचीही नोकरी गेली मग."

नवरा पुढे झाला. "ऐका. मी आणि काका टॉर्च घेऊन जातो. वाटेवरच असतील कुठेतरी, तासाभरात घेऊन येतो. मॅडमना कशाला कळायला हवं? सकाळी जुना बिल्ला जाळीत टाकू, विषय संपला."

हे इतकं सोपं वाटलं की ती क्षणभर त्याच्याकडे बघतच राहिली. दोन माणसं, एक टॉर्च, एक वाट. आणि बाई वाटेवर नसल्या तर? तिच्या डोळ्यांसमोर टेकडीचा नकाशा उलगडला. भूगोलाचा अभ्यास असा कधी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं तिला. दुसऱ्या टोकावरून फाटक दिसतं. बंद झालेलं फाटक. ते दिसल्यावर घाबरलेला माणूस काय करेल? जवळची वाट शोधेल. आणि जवळ दिसते ती वाट नाही, वणवा अडवायला झाडं तोडून केलेला पट्टा. सरळसोट उतार, खाली डांबरी रस्ता दिसतो आणि मधे कोसळलेले दगड.

"त्या पट्ट्याने उतरल्या असतील," ती म्हणाली. "तुम्ही दोघं वाटेने जाल आणि त्यांना चुकवून पुढे निघून जाल. शोधपथक हवं. रस्त्याच्या बाजूने चढणारं."

"पथक म्हणजे कचेरी," नवरा म्हणाला. "आणि ते विचारणार, फळी भरलेली असताना तुम्हाला कसं कळलं? काय सांगशील? मन सांगतं म्हणून? तुझ्या मनावर आता कोण विश्वास ठेवतो?"

हे त्याने चिडून म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते जास्त खोल गेलं. दीड वर्ष ती प्रत्येक सावलीला घाबरली आणि आज खरोखर घाबरायची वेळ आली, तर तिच्या भीतीला बाजारात किंमत नव्हती. तिच्याकडे आता एकच गोष्ट होती, जिच्यावर कुणालाही विश्वास ठेवावा लागला असता. स्वतःची चूक.

तिने काकांकडे बघितलं. काकांनी मान फिरवली, पण म्हणाले, "फोन आत आहे. टेबलावर."

मॅडमनी पहिली दहा सेकंदं तेच म्हटलं जे ती धरून चालली होती. "बाई, आपलं काय ठरलं होतं?"

"मॅडम, मी घाबरून फोन केलेला नाही. दहा दिवस मी माझ्या मुलीला चौकीत आणत होते. जुना तेवीस मी जमा केला नव्हता. तो तिच्याकडे होता आणि आज तिने तो फळीवर लावला. नवा तेवीस वर आहे, एका बाईंबरोबर. साठीच्या आहेत, एकट्या आहेत, नवे बूट आहेत. वणव्याच्या पट्ट्यावर शोधा. हे सगळं मी लिहून द्यायला तयार आहे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"फाटक उघडा," मॅडम म्हणाल्या. "मी पथक काढते."

काका आणि नवरा वाटेने वर गेले. काकांची शिट्टी तीन तीनदा वाजत दूर जात राहिली, आणि प्रत्येक वेळी मधली शांतता ऐकणं फार कठीण होतं. ती फाटकाशी उभी होती, कडेवर भिंगरी. झाडं आधी हिरव्याची निळी झाली, मग निळ्याची काळी. डांबरी रस्त्याच्या बाजूने पथकाचे दिवे चढू लागले, सहा-सात, मुंग्यांसारखे सावकाश.

"आई, ते तेवीसला शोधतायत?"

"हो."

"मग तो घरीच आहे ना. मी लावला."

तिने पोरीचं डोकं खांद्यावर दाबून धरलं.

सव्वासातला दिवे एका जागी गोळा झाले आणि हलेनात. तिने श्वास मोजायला सुरुवात केली. ती चाळीसपर्यंत मोजायची आणि परत एकपासून. किती वेळा मोजलं कुणास ठाऊक. मग वरून कुणीतरी ओरडलं, आणि ओरडण्यात रडवेलेपणा नव्हता, म्हणून तिला कळलं की बाई जिवंत आहेत.

त्यांना खाली आणलं तेव्हा पावणेआठ झाले होते. झोळीत, ब्लँकेटमध्ये गुंडाळलेल्या. घोटा सुजून भोपळा झालेला, कपाळावर रक्त सुकलेलं, पांढरे बूट पायात नव्हते. टाचांची सालं निघाली म्हणून त्यांनी ते दुसऱ्या टोकावर काढून हातात घेतले होते आणि अनवाणी त्या पट्ट्यावरून उतरायला निघाल्या होत्या. दगड सुटला आणि त्या घसरल्या. दोन तास त्या एका ओंडक्याला टेकून, ओरडून ओरडून घसा बसवून पडल्या होत्या. शिट्टी त्यांना ऐकू आली होती, पण दरीच्या पलीकडून. त्यांची हाक काकांपर्यंत पोचली नसती.

ती झोळीशी गेली. बाईंनी डोळे उघडले, तिला ओळखलं आणि मूठ उघडली. तळहातात नवा तेवीस. त्याची कड इतकी रुतली होती की गोल वण उठला होता.

"परत द्यायचा होता ना," त्या म्हणाल्या. आवाज घोगरा, जेमतेम. मग थोडं थांबून, "तुम्ही कुलूप लावताना वर बघितलंत. मी रुमाल हलवत होते. वाटलं, दिसले मी."

"दिसलात," ती म्हणाली.

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. त्यात राग नव्हता, पण माफीही नव्हती. फक्त एखाद्या गिऱ्हाइकाने दिलेली नोट उजेडात धरून बघावी तसं काहीतरी. मग त्यांना गाडीत चढवलं आणि दार लागलं.

दुसऱ्या दिवशी चौकीत तिच्या जागी कचेरीतली दुसरी बाई बसली. ती आणि काका मॅडमच्या खोलीत दोन खुर्च्यांवर, मधे एक रिकामी. तिने तीन पानं लिहून दिली. मॅडमनी ती दोनदा वाचली, चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाल्या, "तुम्ही फोन केला नसता तर आज वेगळीच पानं लिहावी लागली असती. तरी ही पानं मला वर पाठवावी लागतील. निकाल माझ्या हातात नाही." थोड्या वेळाने, खिडकीकडे बघत, "नव्या बुटांबद्दल तुम्हाला बोलायचं होतं म्हणता. मग बोलला का नाहीत?"

मॅडमना उत्तर माहीत होतं. त्यांनी पुन्हा चष्मा लावला.

काका पायऱ्या उतरताना गुडघा धरून थांबले, ती आधार द्यायला पुढे झाली, त्यांनी हात झटकला नाही, पण धरलाही नाही.

घरी भिंगरी दारातच बसली होती. शेजारच्या मुलीबरोबर खडूने जमिनीवर चौकोन काढून त्यात खडे ठेवत होती. आईला बघून उठली.

"माझा बिल्ला आणलास?"

"नाही. तो आता कचेरीत राहणार."

भिंगरीने ओठ काढला. मग काहीतरी आठवून तिचा चेहरा एकदम गंभीर झाला. काल सगळे इतके का पळत होते, बाबा तिच्याशी का बोलले नाहीत, हे तिने कुठेतरी जोडलं असावं.

"मी चुकीच्या घरी लावला का?"

आई उंबऱ्यावर बसली. समोर झाडांच्या वर टेकडी होती, तिन्ही टोकं स्वच्छ, दुसऱ्या टोकाचा कठडा उन्हात चमकणारा. तिथे आत्ता काही हलत नव्हतं. तरी तिने नीट बघितलं, घाई न करता, पुरतं बघून झाल्यावरच नजर खाली आणली.

"नाही गं," ती म्हणाली. "तू बरोबर लावला होतास. मोजताना मी चुकले."

"मग परत मोज," भिंगरी म्हणाली, आणि चौकोनात पहिला खडा ठेवला.